परमिटचा फोटो

मास्तरांनी आयुष्यात कधी खडू हातात धरला नव्हता. तरी अख्खा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा, कारण त्यांच्या फोटो स्टुडिओत पाऊल टाकलं की भल्याभल्यांचा विद्यार्थी व्हायचा. "पाठ ताठ. खांदे सैल. हनुवटी खाली. इतकी नाही हो, झोप लागल्यासारखे दिसताय." बँकेचा मॅनेजर असो की भाजीवाला, स्टुलावर बसला की निमूटपणे ऐकायचा. हसू नका म्हटलं की हमखास हसू यायचं, आणि मग मास्तर असे काही बघायचे की ते हसू जागच्या जागी विरून जायचं.

दुकान लहानच होतं. पुढे काउंटर, त्यामागे कॉम्प्युटर आणि छपाईचं मशीन, पडद्याआड पांढऱ्या भिंतीची खोली. तिथे दोन दिवे, एक स्टूल, एक आरसा. पण लोक मास्तरांकडे यायचे ते काही फोटो काढायला नव्हे. फोटो काय, हल्ली कुणीही काढतं. लोक यायचे ते टचिंगसाठी. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, परवाच उगवलेली पुळी, गळ्याची लोंबती कातडी, सगळं मास्तर कॉम्प्युटरवर बसून पुसायचे, आणि तेही इतक्या हलक्या हाताने की गिऱ्हाइकाला वाटायचं, आपण मुळात असेच दिसतो, घरचा आरसाच खराब आहे. कुणी सांगो न सांगो, टचिंग व्हायचंच. आहे तसा फोटो हातात देणं म्हणजे इस्त्री न करता कपडे परत देणं, असं त्यांचं म्हणणं होतं.

या मास्तरांची एकुलती एक मुलगी मातीचा अभ्यास करायला परदेशी निघाली होती. "माती काय इथे नाही मिळत?" असं मास्तर सुरुवातीला म्हणून बघायचे. पण विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा त्याची प्रत काउंटरच्या काचेखाली, गिऱ्हाइकाला नीट वाचता येईल अशा बाजूने, त्यांनीच लावली होती.

प्रवेश मिळाला तरी परमिट बाकी होतं. विद्यापीठ म्हणालं ये, पण त्या देशाच्या कचेरीनेही ये म्हणायला हवं. तिथे राहून शिकण्याची ती परवानगी मिळाली नाही, तर प्रवेशाचं पत्र काचेखालीच राहणार. बरं, नकार मिळाला तर तो एकदाचाच नसतो. पुढे कुठेही अर्ज करा, पहिला प्रश्न हाच असतो की पूर्वी कधी नाकारलं होतं का. त्यामुळे मुलगी प्रत्येक कागद पुन्हा पुन्हा तपासायची. बँकेचे दाखले, गुणपत्रिका, वैद्यकीय तपासणी. दवाखान्याच्या काउंटरवर सगळा जन्म गेलेल्या आपल्या आईकडूनही ती सगळं नजरेखालून घालून घ्यायची. एकच गोष्ट तिने तपासली नाही, ती म्हणजे फोटो. बाबाने काढलेला फोटो काय तपासायचा?

मास्तरांनी त्या दिवशी शटर अर्धं खाली ओढलं होतं. मुलीला स्टुलावर बसवलं, दिवे मागेपुढे केले, हव्या त्या मापात फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर बसले. तिच्या डाव्या कानाखालून जबड्यापर्यंत जन्मापासूनचा एक तपकिरी डाग होता, चहा सांडून सुकल्यासारखा. तो पुसला. मग इतर बारीकसारीक. हात इतका बसलेला होता की डोक्याला काही विचारावंच लागलं नाही. फोटो बघून मुलगी म्हणाली, "मस्त आलाय रे बाबा." आणि अर्ज गेला.

त्यानंतर काही दिवसांनी एक नर्सबाई दुकानात आल्या. त्याही त्याच देशात पुढचं शिकायला निघाल्या होत्या. स्टुलावर बसण्याआधीच त्यांनी बजावलं, "मास्तर, टचिंग करायचं नाही हं."

"थोडं तर करावंच लागतं, बाई."

"अजिबात नाही. माझ्या मैत्रिणीचा अर्ज त्याच्यावरूनच परत आला. हे बघा ना, नियमच आहे." आणि त्यांनी फोनवरून वाचून दाखवलं. फोटोत कुठलाही फेरफार केलेला नसावा. चेहऱ्यावरचे व्रण, तीळ, डाग आहेत तसे दिसले पाहिजेत. फेरफार आढळल्यास अर्ज नाकारला जाऊ शकतो.

नर्सबाईंचा फोटो मास्तरांनी कसा काढला, त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही. पाठ ताठ, खांदे सैल वगैरे काहीच बोलले नाहीत. बाई आपणहून सरळ बसल्या आणि आपणहून उठल्या.

आता खरं तर काय करायला हवं होतं? शटर ओढून घरी जायचं आणि मुलीला सांगायचं. एवढं साधं होतं. पण ज्या माणसाने उभ्या रस्त्याला कसं बसायचं ते शिकवलं, त्याने घरी जाऊन चुकलो म्हणायचं, हे तोंडाने म्हणायला सोपं असतं होय! मास्तर घरी गेले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले.

"काय गं," भाजी वाढून घेता घेता त्यांनी विचारलं, "अर्जात एखादी गोष्ट बदलायची असली, तर बदलता येते का?"

मुलीचा घास हातातच राहिला. "का? काय बदलायचंय?"

"काही नाही. सहज."

"बाबा, सहज काय? आधीच माझा जीव टांगणीला लागलाय, त्यात तू असलं काहीतरी विचारतोस. त्यांनी फाइल उघडायच्या आत बदलता येतं म्हणे. कारण लिहून द्यावं लागतं."

शब्द मास्तरांच्या अगदी जिभेच्या टोकावर आले होते. तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, खाऊ द्या की तिला. चार दिवस झाले, नीट जेवत नाहीये पोरगी." मास्तरांनी शब्द गिळले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाजही वाटली.

मग सुरू झाली मनाची समजूत. हजारो अर्ज येत असतील, एकेक चेहरा कोण न्याहाळत बसणार? आणि आपलं काम काय असं-तसं आहे? इतक्या वर्षांत कुणाच्या बापाला टचिंग ओळखता आलेलं नाही. या विचारावर मास्तरांचे दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी, कुणाचा तरी फोटो कापताना, त्यांच्या लक्षात आलं की अर्जाला पासपोर्टची प्रतही जोडलेली आहे. पासपोर्टवरचा फोटो सरकारी कचेरीतल्या कॅमेऱ्याने काढलेला, डागासकट. म्हणजे दोन्ही चेहरे अर्ज तपासणाऱ्याच्या समोर शेजारी शेजारी येणार. कात्री फोटोतल्या माणसाच्या कानावरून गेली आणि मास्तरांना तो पुन्हा छापावा लागला.

त्यानंतर त्यांचं कशातच लक्ष लागेना. एकाचे फोटो दुसऱ्याच्या पाकिटात जाऊ लागले. ती दुकानात डोकावली तरी हे उठून उभे राहायचे, आणि ती नुसती डब्याची पिशवी ठेवून निघून गेली की मास्तर स्टुलावर टेकायचे. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता फाइल उघडली गेली.

कचेरीचं पत्र मुलीच्या फोनवर सकाळी आलं. तिने ते उभ्याउभ्याच वाचलं आणि मग खुर्ची ओढून बसली. अर्जदाराच्या ओळखीबाबत शंका आहे. मूळ पासपोर्ट आणि यापूर्वीची, फोटो असलेली सर्व ओळखपत्रं घेऊन स्वतः हजर राहावं. समाधान न झाल्यास अर्ज नाकारण्यात येईल.

"ओळखीबाबत शंका म्हणजे?" आई कडाडली. "तू तूच आहेस हे आता त्यांना कोण सांगणार? मी येऊ? मी जन्म दिलाय म्हणावं हिला!"

"आई, थांब जरा. मला विचार करू दे."

तिने कपाट उघडून जुनी ओळखपत्रं काढली. शाळेचं, कॉलेजचं, ग्रंथालयाचं, बसच्या पासाचं. जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि मधोमध पासपोर्ट उघडून ठेवला. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. त्यांना दिसत होतं ते अजून तिला दिसलं नव्हतं, आणि ते तिला दिसण्याची वाट बघण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

ओळखपत्रांवरचा प्रत्येक फोटो मास्तरांनी काढलेला होता. बालवाडीपासून पदवीपर्यंत. प्रत्येक फोटोत नितळ गाल, टपोरे डोळे, उजळ रंग. फक्त पासपोर्टवरची मुलगी वेगळी होती.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "हे बघून कुणालाही वाटेल की मी दुसऱ्याच मुलीचा पासपोर्ट चोरलाय."

मग तिने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, आणि मास्तरांनी सांगून टाकलं. नर्सबाई, नियम, मैत्रिणीचा परत आलेला अर्ज, सगळं.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"त्या दिवशी जेवताना मी विचारलं ना... त्याच दिवशी कळलं होतं."

"म्हणजे मी बदलता येतं म्हणाले," मुलगी म्हणाली, "तेव्हा तुला माहीत होतं."

मास्तरांनी मान हलवली. तिने आदळआपट केली असती, दोन शब्द सुनावले असते, तर त्यांना परवडलं असतं. पण तिने एवढंच विचारलं, "टचिंगच्या आधीचे फोटो आहेत का तुझ्याकडे? एखादा तरी?"

"ठेवत नाही गं मी. कॉम्प्युटरवर जागा अडते."

तिने ओळखपत्रं एकेक करून पाकिटात भरली. "तू येतोयस माझ्याबरोबर. त्यांनी विचारलं तर तूच सांगायचंस."

कचेरीतल्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या होत्या. माणसं ओळीने बसून भिंतीवरच्या पाटीवर आपला नंबर लागायची वाट बघत होती, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एका खिडकीवरून एक तरुण जोडपं मागे फिरलं. नवरा फाइल छातीशी धरून चालला होता आणि बायको पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अरे, पण कारण तरी सांगितलं का त्यांनी?" मास्तरांनी नजर फिरवली. मुलीचा पाय खुर्चीखाली सारखा हलत होता. एरवी त्यांनी तिला दटावलं असतं. आज त्यांचा स्वतःचाही हलत होता.

नंबर लागला. काचेपलीकडे पिकल्या केसांच्या एक बाई होत्या, त्याच देशातल्या. त्यांना यांची भाषा येत नव्हती आणि मास्तरांना त्यांची. बाईंनी ओळखपत्रं पत्त्यांसारखी पसरली, पासपोर्ट पुढ्यात घेतला आणि मुलीकडे बघितलं. मग पुन्हा ओळखपत्रांकडे. काहीतरी विचारलं. मुलगी बराच वेळ बोलली आणि शेवटी तिने मास्तरांकडे हात केला.

"बाबा, पुढे ये. त्या म्हणतायत, काय काय बदललं ते एकेक सांगा. मी त्यांना भाषांतर करून सांगते."

"तू?"

"मग कोण?"

मास्तर काचेच्या भोकाशी वाकले. "डाव्या कानाखाली डाग आहे. तो पुसला."

मुलीने ते त्या भाषेत सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून ठेवलं.

"रंग थोडा उजळ केला."

मुलीने सांगितलं.

"डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक आहे. तो थोडा मोठा केला."

मुलीने वळून त्यांच्याकडे बघितलं. हे तिला माहीत नव्हतं. तिने नकळत डाव्या डोळ्याकडे बोट नेलं, मग हात खाली घेतला आणि तेही सांगितलं. मास्तरांना तिथून पळून जावंसं वाटलं. पण अर्धवट सांगून चालणार नव्हतं. एक गोष्ट लपवली आणि ती त्यांनीच शोधली, तर सगळंच खोटं ठरणार होतं.

"कान जरा आत घेतले. आणि ओठ..."

"ओठाला काय झालंय?"

"उजवीकडे जरासा वाकडा आहे. हसताना."

"बाबा, ओळखपत्रावर कुणी हसतं का?"

"न हसतासुद्धा आहे, किंचित."

तिने काचेकडे वळून तेही सांगितलं. तिच्या आवाजात आता मघाचा ठामपणा नव्हता, पण एकही गोष्ट तिने गाळली नाही, एवढं मास्तरांना भाषा न कळताही कळलं. बाईंनी लिहिणं थांबवलं आणि छोटासा प्रश्न विचारला.

"त्या विचारतायत, का?"

मास्तरांना वाटलं होतं की दुकानातलं कुठलंही वाक्य इथे चालेल. इस्त्रीचं, कपड्यांचं. त्यातलं एकही तोंडातून येईना. "कुणी तिला नावं ठेवू नयेत म्हणून," ते म्हणाले.

मुलीने ते सांगितलं. मग म्हणाली, "कुणी ठेवली होती?"

"हे त्या विचारतायत?"

"नाही. मी विचारतेय."

मास्तरांनी आठवून बघितलं. शेजारीपाजारी, शाळा, नातेवाईक, मुलीच्या मैत्रिणी. अगदी फटकळ म्हणून गाजलेली त्यांची स्वतःची आत्यासुद्धा. तोंडावर नाही, पाठीमागे नाही, कधीच कुणी काही बोललं नव्हतं. एवढ्या वर्षांत त्या चेहऱ्यात खोड काढणारा एकच माणूस होता, आणि तो दर दोन-तीन वर्षांनी कॉम्प्युटरवर बसून ती काढत आला होता.

"कुणीच नाही," मास्तर म्हणाले.

मुलीने काचेकडे तोंड फिरवलं आणि हे मात्र बाईंना सांगितलं नाही.

बाईंनी पेन खाली ठेवून काही वाक्यं सावकाश सांगितली. मुलगी ऐकत गेली तसतसे तिचे हात काउंटरच्या कडेवर घट्ट आवळले गेले. "बाकीचे कागद ठीक आहेत म्हणतायत. आत्ता इथे फोटो काढायचा. त्यांचं मशीन तो पासपोर्टशी ताडून बघतं. जुळला तर त्या परमिट लगेच मंजूर करतील. नाही जुळला तर चौकशीला जाईल. आणि चौकशी संपेपर्यंत, बाबा, माझा वर्ग सुरू होऊन जाईल. जागा जाईल माझी."

कोपऱ्यात भिंतीला मशीन लावलेलं होतं, समोर स्टूल. मुलगी बसली. बाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मुलीच्या फोटोला हजर असूनही मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेऱ्याच्या मागे नव्हते. हातांचं काय करावं ते त्यांना समजेना, म्हणून त्यांनी ते पाठीमागे बांधले.

मशीन चमकलं. लाल दिवा. बाई काहीतरी म्हणाल्या. मुलीने पाठ ताठ केली, समोर बघितलं. पुन्हा लाल. बाईंनी तेच शब्द पुन्हा सांगितले, या वेळी हाताने खूण करून. पुन्हा लाल.

"काय म्हणतायत?" मास्तरांनी विचारलं.

"सरळ बघ म्हणतायत! मी सरळच बघतेय ना, बाबा. आणखी किती सरळ बघू?" तिचे डोळे भरून आले होते.

मास्तरांनी बघितलं. तिची मान डावीकडे वळलेली होती. अगदी थोडीशी. डावा गाल कॅमेऱ्यासमोरून मागे जाईल, बारीक डोळा सावलीत राहील आणि पुढचं काम निम्म्याने हलकं होईल, इतपतच. पायही जमिनीला पोहोचत नव्हते तेव्हापासून ते तिला तसं बसवत आले होते. जरा इकडे बघ, शाबास, आता हलू नकोस. ती हलली नव्हती. तिचं सरळ तेच झालं होतं.

ते पुढे गेले, तिच्यासमोर वाकले आणि दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरली. चेहरा हळूहळू मध्ये आणला. डाग पूर्ण समोर आला.

"असं नाही, बाबा. आता वाकडी झाले मी."

"नाही बाळा. हे सरळ आहे."

"मला वाकडं वाटतंय. खरंच... खरंच सांगतोस ना?" घाबरली की तिचं बोलणं असंच अडखळायचं. "तू परत काहीतरी करतोयस."

"काही करत नाही. आईशप्पथ. एवढ्या वेळा ऐकलंस माझं, आता एकदा ऐक."

त्यांनी हात काढले. मान लगेच डावीकडे जायला बघत होती. तिने दात आवळून ती मध्ये धरली, मानेची शीर ताणली गेली. मास्तर बाजूला सरकले. मशीन चमकलं.

हिरवा दिवा लागला. बाई हसल्या आणि काहीतरी बोलल्या.

"मिळालं," मुलगी म्हणाली. "बाबा, परमिट मिळालं."

पण ती उठली नाही. मशीनसमोर तशीच बसून राहिली, चेहरा समोर, मान ताठ, आणि डोळ्यांतलं पाणी गालावरच्या डागावरून खाली उतरत होतं.

"आता सोडू का मान?" तिने विचारलं.

मास्तरांना सोड म्हणवेना.